गाडीतळावरचा प्रश्न : साध्या मोटारसायकलच्या शोधात

पुण्याहून पूर्वेस निघालेल्या प्रवाशाला हडपसरला एक निर्णय घ्यावा लागतो. सरळ गेले तर सोलापूर रस्ता, उजवीकडे वळले तर सासवड आणि त्याआधी दिवे घाट. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथून सासवडची वाट धरते आणि तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरकडे जाते; दोन्ही वाटा पुढे पंढरपुरालाच मिळतात. या फाट्यालगतच्या जागेचे नाव गाडीतळ. तळ म्हणजे मुक्कामाची, थांबण्याची जागा. बैलगाड्या सुटून कितीतरी काळ लोटला, वर उड्डाणपूल आला, पलीकडे मगरपट्टा सिटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी बसच्या पाटीवर हे नाव टिकून आहे. दूरच्या वाटेला लागण्यापूर्वी गाडी थांबवून तिची चाके, दोऱ्या, वंगण पाहून घेण्याची ही जागा असणार, एवढे त्या नावातूनच कळते.

आम्हांस ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो याच जागेला शोभणारा आहे. दूरच्या, अनोळखी, खडतर रस्त्यांच्या प्रवासासाठी कोणती मोटारसायकल घ्यावी? विद्यार्थ्यांत हा विषय निघाला की चर्चा लगेच सीसी, अश्वशक्ती आणि किमतीवर जाते. आणि शेवटी कोणीतरी वडीलधारा म्हणतो, ‘‘साधी आणि भरवशाची घ्या.’’ सल्ला चांगला आहे, पण त्यातील ‘साधी’ हा शब्द आपण समजतो तितका साधा नाही. गेल्या शंभर वर्षांत त्याचा अर्थ निदान तीनदा बदलला आहे. हा बदल कसा झाला हे पाहिल्याशिवाय त्या सल्ल्याचा उपयोग होणार नाही, असे आमचे मत आहे.

प्रारंभ बैलगाडीपासूनच करावा लागेल. लाकडी चाकाची बैलगाडी हे वरवर पाहता अत्यंत साधे वाहन. तुंबा, आरे, त्यांभोवतीचे लाकडी वर्तुळ आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव, एवढेच तिचे चाक. परंतु ते करणे मुळीच सोपे नव्हते. आरे किंचित आखूड पडले तर चाक खिळखिळे होई, धाव पुरेशी आवळली नाही तर उन्हाळ्यात लाकूड आकसून ती निसटे. तरीही गाडीवान निर्धास्तपणे शंभर कोस जाऊ शके, याचे कारण गाडीत नव्हते. ते वाटेवरच्या गावांत होते. बहुतेक गावांत सुतार असे, लोहार असे, आणि हजार वाटांवरची चाके एकाच रीतीने घडत असल्यामुळे परक्या गावच्या सुतारालाही मोडलेला आरा बसवता येई. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली बलुतेदारी आणि ग्रामव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथास ‘गावगाडा’ हे नाव दिले. गाव हा एक गाडा आहे ही कल्पना त्या काळच्या वाचकाला समजावून सांगावी लागली नसेल. आम्ही येथे तीच कल्पना उलट करून पाहतो आहोत : गाडी चालते ती गावामुळे. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्या हातांवर ती गाडी चालत होती ते हात जातीने बांधलेले होते, आणि त्यांच्या कसबाचा मोबदला त्यांच्या हाती नव्हता. हे विसरून ‘पूर्वीचा साधेपणा’ आठवणे म्हणजे अर्धाच इतिहास आठवणे होय.

यंत्राच्या युगात पहिला लांबचा पल्ला गाठला तो सायकलने. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण जगाच्या सफरीस सायकलींवरून निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा या तिघांनी ती पूर्ण केली आणि १९२८ साली ते मुंबईस परतले. इराण, सीरिया, सिनाईचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असा तो मार्ग होता. १९३१ साली त्यांचे इंग्रजी प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले आणि त्यास जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. या तिघांचे वाहन शक्य तितके साधे होते : साखळी, दोन चाके, एक पंप. त्याला इंधन लागत नव्हते, आणि त्यात बिघाड झालाच तर तो डोळ्यांना दिसे. साधेपणाची पहिली व्याख्या म्हणून हे उदाहरण आम्हांस पुरेसे वाटते. ज्या यंत्राचा संपूर्ण व्यवहार उघड्या डोळ्यांना दिसतो ते साधे.

इंजिन आले आणि ही व्याख्या अपुरी पडली. सिलिंडरच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही. ते ऐकावे लागते, त्याचा वास घ्यावा लागतो, प्लग काढून त्याचा रंग पाहावा लागतो. प्लग काळा आणि काजळीने माखलेला असेल तर पेट्रोल जास्त जात आहे, पांढरट असेल तर कमी जाऊन इंजिन तापते आहे, विटकरी-तपकिरी असेल तर ठीक आहे. मोटारसायकल हे आता वाचावे लागणारे यंत्र झाले, आणि जे वाचावे लागते त्याला वाचक लागतो. आपल्याकडे हा वाचकवर्ग कसा तयार झाला, याचा इतिहास म्हणजे मुख्यतः बुलेटचा इतिहास आहे.

पन्नासच्या दशकाच्या आरंभी भारतीय सैन्याने सरहद्दीवरील गस्तीसाठी रॉयल एनफील्डची साडेतीनशे सीसीची बुलेट निवडली. १९५५ साली इंग्लंडमधील रेडिच येथील मूळ कंपनी आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून एनफील्ड इंडिया स्थापन झाली. आरंभी सुटे भाग इंग्लंडहून येत आणि मद्रासला जोडले जात; पुढे सर्व भाग येथेच होऊ लागले. सत्तरच्या सुमारास मूळ इंग्लिश कंपनी बंद पडली, आणि तिची मद्रासची शाखा मात्र तीच गाडी घडवीत राहिली. ओतीव लोखंडाचे इंजिन, वेगळी गिअरपेटी, पॉइंट आणि कॉइलचे प्रज्वलन, हवेने थंड होणारा सिलिंडर : मूळ आराखडा किरकोळ फेरफारांसह सुमारे अर्धशतक चालू राहिला.

ती चालू करणे हा एक विधीच होता. किल्ली फिरवायची, अॅमीटरच्या काट्याकडे पाहत किक सावकाश दाबायची, काटा मध्यावर आला की डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा, खटका सोडायचा, आणि मग पायाचा संपूर्ण भार देऊन किक मारायची. क्रम चुकला तर किक उलटी येऊन पोटरीवर बसे. ज्याने हा विधी शिकला त्याला चार आघातांच्या इंजिनाचा सिद्धान्त कोणी शिकवावा लागला नाही. पिस्टन केव्हा माथ्यावर येतो, पॉइंट केव्हा उघडतो, ठिणगी केव्हा पडते हे त्याच्या पायाला ठाऊक झाले.

बुलेट निर्दोष होती असे मात्र कोणी म्हणू नये. ती तेल गळत असे, तिचे नट कंपनांनी ढिले होत, तिचे पॉइंट वरचेवर घासावे लागत, ब्रेक बेताचेच लागत. परंतु येथेच आमच्या प्रश्नातील महत्त्वाचा मुद्दा दडलेला आहे. परवाने, आयातबंदी आणि मर्यादित उत्पादन यांच्या त्या काळात स्पर्धा नव्हती, म्हणून सुधारणाही नव्हती. आणि सुधारणा नव्हती म्हणून दोषही तेच राहिले. पन्नास वर्षे एकच दोष राहिला की त्याचा उपाय सगळ्या देशाला पाठ होतो. पठाणकोटच्या मेकॅनिकला, सोलापूरच्या मिस्त्रीला आणि नागरकोविलच्या फिटरला बुलेटचा एकच आजार एकाच आवाजावरून ओळखता येऊ लागला. ज्या अर्थव्यवस्थेला आपण मागासलेली म्हणून नावे ठेवतो तिनेच, कोणताही हेतू नसताना, दूरच्या प्रवासाला योग्य असे वाहन निर्माण केले. हे वाहन भरवशाचे होते ते बंद पडत नसे म्हणून नव्हे. बंद पडल्यावर कोठेही पुन्हा चालू होई म्हणून ते भरवशाचे होते. साधेपणाची ही दुसरी व्याख्या.

त्याच काळात तिचे दोन प्रतिस्पर्धी होते. म्हैसूरची आयडियल जावा १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी या गाड्या घडवू लागली व १९९६ साली बंद पडली. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलिश आराखड्यावर बेतलेली होती. दोन्ही दोन आघातांच्या. अशा इंजिनात झडपा नसतात, त्या उघडझाप करणारी यंत्रणा नसते. हलणारे मुख्य भाग मोजून तीन. कागदावर पाहिले तर याहून साधे इंजिन नाही. पण त्याला पेट्रोलात तेल मिसळून द्यावे लागते, धूर होतो, प्लगवर काजळी धरते, आणि मिश्रणाचे प्रमाण चुकले तर पिस्टन जाम होतो. भाग कमी असले की काळजी कमी लागते असे नाही, हा धडा या गाड्यांनी दिला. तरी दुधाच्या कॅनांनी लादलेली राजदूत ज्यांनी खेड्यांतून पाहिली आहे ते तिला नावे ठेवणार नाहीत.

आणि खुद्द पुणे? पुण्याने त्या काळात मोटारसायकल दिली नाही, स्कूटर दिली. आकुर्डीच्या बजाज ऑटोचा इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला करार १९७१ साली संपला आणि १९७२ पासून चेतक आली. त्याच वर्षी किनेटिकची लुनाही आली. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिलेली एक पिढी अजून आपल्यात आहे. तिची लहान चाके खडतर रस्त्याला योग्य नव्हती, हे खरे. पण दूरच्या प्रवाशाला हेवा वाटावा अशी एक गोष्ट तिच्याजवळ होती : स्टेपनी. पुढचे आणि मागचे चाक एकसारखे, आणि अंगावरच तिसरे तयार. पंक्चर झाले की चार-पाच नट काढून चाक बदलायचे आणि पुढे निघायचे. अंधारात, पावसात, घाटात हे काम घरातील कोणीही करी. किल्लीने न उघडणारे आणि हातांना न कळणारे असे तिच्यात फारसे काही नव्हते. मोटारसायकली अनेक बाबतींत तिच्या पुढे गेल्या, पण ही एक सोय त्यांनी घेतली नाही.

येथे थोडे देशाबाहेर पाहणे उपयोगी होईल, कारण मोटारसायकलवरील प्रवासाचे जे प्रसिद्ध ग्रंथ साहित्याच्या विद्यार्थ्याला माहीत असतात ते सर्व याच प्रश्नाभोवती फिरतात. अर्नेस्तो गेव्हारा आणि त्याचा मित्र अल्बेर्तो ग्रानादो १९५२ साली ज्या नॉर्टन मोटारसायकलवरून दक्षिण अमेरिका पाहावयास निघाले तिचे नाव ‘ला पोदेरोसा’, म्हणजे बलशाली, असे होते. ही बलशाली गाडी चिलीमध्ये कायमची बंद पडली. पुढचा प्रवास ट्रकांतून, बोटीने, पायी झाला. आणि खाणकामगार, कुष्ठरोगी, भूमिहीन यांची जी भेट त्या रोजनिशीचा गाभा ठरली ती बहुतांशी गाडी गेल्यानंतरची आहे. ग्रंथाच्या नावात मोटारसायकल आहे आणि ग्रंथाच्या अर्ध्याहून अधिक भागात ती नाही, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

रॉबर्ट पर्सिग यांचा १९७४ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ १९६८च्या एका प्रवासावर आधारलेला आहे. त्यात निवेदकाचा मित्र उंची जर्मन गाडी चालवतो, कारण ती बिघडणार नाही असा त्याचा समज आहे. यंत्रात हात घालण्याची त्याला मनापासून नावड आहे. त्याच्या गाडीचे हँडल सैल होते. निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची बारीक पट्टी आत सरकवली तर काम होईल. मित्राला हा आपल्या गाडीचा अपमान वाटतो. यंत्राकडे पाहण्याच्या दोन दृष्टींतील अंतर त्या पत्र्याच्या पट्टीएवढे आहे. आपल्याकडच्या रस्त्यांवर ही पट्टी कोणाला अपमानास्पद वाटली नसती. पेट्रोलची टाकी पाझरू लागली की अंगाचा साबण दाबून भरणे, तुटलेल्या फुटरेस्टला सुतळीने आणि सायकलच्या ट्यूबने आवळणे, हे ज्ञान आपल्याकडे कोणत्याही ग्रंथावाचून चालत आले आहे. टेड सायमन हा इंग्लिश पत्रकार १९७३ साली पाचशे सीसीच्या ट्रायंफवरून निघाला आणि चार वर्षे जग फिरला. त्याच्या मार्गात भारतही होता. वाटेतील अडथळे हेच प्रवासाचे खरे द्रव्य आहे, हे त्याच्या ग्रंथाचे प्रतिपादन. बंद पडलेली गाडी प्रवाशाला कोणाच्या तरी दाराशी नेऊन उभी करते.

तिसरी अवस्था १९८५ च्या सुमारास सुरू झाली. जपानी सहकार्याने शंभर सीसीच्या गाड्या येऊ लागल्या. इंड-सुझुकी, यामाहा आरएक्स १००, बजाज-कावासाकीची केबी १०० या दोन आघातांच्या होत्या. हिरो होंडाची सीडी १०० चार आघातांची. सीडी १०० चे आडवे, ९७.२ सीसीचे छोटे इंजिन हे होंडाने १९५८ साली जपानात आणलेल्या सुपर कब या गाडीच्या कुळातले. सुपर कबच्या जातीच्या गाड्यांचे एकंदर उत्पादन २०१७ साली दहा कोटींवर गेले. इतक्या संख्येने दुसरे कोणतेही मोटारवाहन बनलेले नाही. १९९४ साली याच घराण्यातली स्प्लेंडर आली. ती तेल गळत नव्हती, पॉइंट घासायला लावत नव्हती, लिटरमागे साठ-सत्तर किलोमीटर चालत होती. गाडी बिघडतच नाही, मग ती कळली काय आणि न कळली काय, असा विचार येथून रूढ झाला. हिरो होंडाच्या जाहिरातीचा सूरही तोच होता : पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. साधेपणाची ही तिसरी व्याख्या : ज्याच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही ते साधे.

या तिन्ही व्याख्या एकत्र नांदल्या असा एक काळ येऊन गेला, आणि आम्ही त्याचे साक्षीदार आहोत. नव्वदच्या दशकापासून पुढची पंचवीसएक वर्षे रस्त्यावर ज्या गाड्या होत्या त्या जपानी काटेकोरपणाने बनलेल्या होत्या, पण त्यांच्यात कार्ब्युरेटर होता, किक होती, आऱ्यांची चाके होती, ड्रमचे ब्रेक होते. त्या क्वचित बिघडत आणि बिघडल्या तर दिसत. सोलापूर रस्त्यावर दर दोन-चार किलोमीटरला एखादे गॅरेज असे : पत्र्याची शेड, काळी पडलेली फळी, तीवर क्रमाने मांडलेले पाने, पेट्रोलच्या डब्यात भिजत ठेवलेली साखळी. या गॅरेजला स्वतःची भाषा होती. इंजिन ‘बांधले’ जाई, टायमिंग ‘लावले’ जाई, रिम ‘आउट’ जाई आणि आऱ्या ‘ताणल्या’ जात. साखळीच्या दातेरी चक्राला सॉकेट म्हणत आणि जोडीला चेन-सॉकेट. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या शब्दसंग्रहाकडे जरूर वळावे. इंग्रजी शब्द मराठी क्रियापदांच्या हाती देऊन एक संपूर्ण ज्ञानशाखा येथे मराठीत चालवली गेली, आणि ती चालवणाऱ्यांपैकी कित्येकांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली होती. बलुतेदाराचा हात जातीने ठरे. येथे निदान पोरवयात पाने पुसायला आलेला कोणताही मुलगा आठ-दहा वर्षांत उस्ताद होऊ शके.

या काळाचा सर्वांत मोठा पुरावा मात्र आपल्या रस्त्यांवर नाही, आफ्रिकेत आहे. कावासाकीच्या सहकार्यातून वाढलेली बजाजची बॉक्सर ही गाडी आपल्या शहरांत फारशी मानाची ठरली नाही. केनिया, युगांडा, नायजेरिया येथे मात्र भाड्याच्या मोटारसायकलींसाठी तिलाच पसंती मिळाली. दोन-तीन प्रवासी, भाताची पोती, केळीचे घड घेऊन ती लाल मातीच्या रस्त्यांवरून वर्षानुवर्षे धावते. पाश्चात्त्य प्रवासी जगभ्रमणासाठी अवजड आणि महाग गाड्या जहाजातून नेतात. आणि त्याच रस्त्यांवर महाराष्ट्रातील कंपनीची छोटी गाडी रोजच्या पोटासाठी त्याहून अधिक अंतर कापते. खडतर रस्त्यावरचा प्रवास हे एकासाठी साहस आणि दुसऱ्यासाठी धंदा असतो. गाडीची खरी परीक्षा धंद्यात होते.

यानंतर काय झाले ते अलीकडचेच आहे. २०१६ साली रॉयल एनफील्डने हिमालयन ही खास दूरच्या प्रवासाची गाडी आणली तेव्हा तिच्या साधेपणाचीच जाहिरात झाली. ४११ सीसी, एक सिलिंडर, हवा आणि तेलाने थंड होणारे इंजिन, आरंभी कार्ब्युरेटर. पुढच्याच वर्षी तिला इंधन-अंतःक्षेपण आले. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरील सर्व गाड्यांना चाक न अडखळू देणारी ब्रेकप्रणाली बंधनकारक झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला, स्प्लेंडरमधूनसुद्धा. २०२३ च्या अखेरीस आलेली नवी हिमालयन पाण्याने थंड होते आणि तिला संगणकीय पडदा आहे. गाडी आता आपल्या बिघाडाची नोंद स्वतःच ठेवते. ती नोंद वाचायला मात्र जोडून पाहण्याचे वेगळे उपकरण लागते, आणि ते बहुधा कंपनीच्या अधिकृत केंद्रात असते. सोलापूर रस्त्यावरचा उस्ताद अशी गाडी आली की हात पुसतो आणि म्हणतो, ‘‘सेन्सरचं काम आहे, शोरूमला न्या.’’

या ठिकाणी हळहळणे सोपे आहे, आणि आम्हांस ते टाळावयाचे आहे. नव्या यंत्रणेचे फायदे खरे आहेत. खारदुंग ला या खिंडीवर १८,३८० फूट अशी उंची कित्येक वर्षे पाटीवर लिहिलेली होती. प्रत्यक्ष मोजणीत ती ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास भरते. तेवढ्या उंचीवरही हवा इतकी विरळ असते की कार्ब्युरेटरची गाडी गुदमरते : पेट्रोल नेहमीइतके जाते, पण त्याला जाळायला प्राणवायू पुरत नाही. मग जेट बदला, हवेचा स्क्रू फिरवा, आणि उतरल्यावर पुन्हा पूर्ववत करा. अंतःक्षेपण असलेली गाडी हवेचा दाब स्वतः मोजते आणि पेट्रोल कमी करते. नव्या ब्रेकांनी ओल्या रस्त्यावर माणसे वाचतात. शहरांतील हवेविषयी तर बोलायलाच नको. तेव्हा जुने तेच साधे आणि साधे तेच चांगले, हे समीकरण टिकत नाही. लडाखच्या वाटेवर, निव्वळ इंजिनाचा विचार केला, तर नवी गाडी अधिक भरवशाची आहे हे मान्य केले पाहिजे.

मग हानी कशाची झाली? आमच्या मते यंत्र गुंतागुंतीचे झाले ही हानी नव्हे. चाकाची धावही गुंतागुंतीचीच होती. हानी अशी की यंत्राविषयीचे ज्ञान रस्त्यावरून उठून एका कुलुपाआड गेले. लोहाराला धाव कशी तापवावी हे कोणी विकत दिले नव्हते, आणि मेकॅनिकने बुलेटचे इंजिन उघडले तेव्हा त्याला कोणाची परवानगी लागली नव्हती. सेन्सर वाचणे हे पॉइंट लावण्यापेक्षा कठीण काम नाही. दहावी नापास मुलगा मोबाइल दुरुस्त करताना रोज याहून नाजूक काम करतो. अडचण आहे ती उपकरणे, माहिती आणि सुटे भाग खुले नसण्याची. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या विचारार्थ घेतलेल्या चार क्षेत्रांत मोटारगाड्याही होत्या. दूरच्या प्रवाशाच्या दृष्टीने हा हक्क इंजिनाच्या क्षमतेपेक्षा अधिक मोलाचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हे वेगळे समजावून सांगावयास नको : लिपी कितीही अवघड असो, ती शिकण्याची मुभा सर्वांना असली तर वाङ्मय जगते, आणि लिपी सोपी असूनही पोथी कुलुपात राहिली तर ते थोडक्यांचे होऊन बसते.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देणे भाग आहे, कारण विचारणाऱ्याला इतिहास नको असतो, गाडी हवी असते. आमचे उत्तर असे. ज्या वाटेने जायचे त्या वाटेवर कोणती गाडी सर्वाधिक दिसते ते आधी पाहा आणि तीच, किंवा तिची जवळची बहीण, घ्या. महाराष्ट्राच्या खेड्यांत ती शंभर-सव्वाशे सीसीची असेल, हिमाचल-लडाखमध्ये बुलेटच्या कुळातली असेल, पूर्व आफ्रिकेत बॉक्सर असेल. ती वजनाला इतकी असावी की पडली तर एकट्याने उचलता यावी. आऱ्यांच्या चाकांना ट्यूब असते आणि पंक्चरला वेळ लागतो, पण दगडावर आपटलेली रिम ठोकून सरळ करता येते. ओतीव चाक तडकले की नवेच आणावे लागते. कोणती अडचण पत्करायची ते रस्ता पाहून ठरवा. क्लचची एक जादा केबल, एक प्लग, एक ट्यूब, साखळीचे लॉक आणि चांगली पक्कड जवळ ठेवा. आणि निघण्यापूर्वी एक दिवस ओळखीच्या गॅरेजात बसून, स्वतःच्या हातांनी चाक काढून पुन्हा बसवा. त्या एका दिवसात गाडीबरोबरच गॅरेजवाल्याचीही ओळख होईल, आणि ती ओळख पुढे प्रत्येक गावात नव्याने कशी करावी हेही कळेल.

वारकऱ्याचे सामान पाहिले आहे? एक पडशी, टाळ, पांघरूण. एवढ्यावर तो पंढरपूर गाठतो, ते सामान पुरेसे असते म्हणून नव्हे; वाटेवर अन्न, पाणी आणि निवारा देणारी गावे असतात म्हणून. हडपसरला दोन्ही पालख्या विसाव्यासाठी थांबतात तेव्हा रस्त्याच्या कडेला कोणी चपला शिवून देतो, कोणी पाय चोळून देतो. त्या गर्दीत, बंद ठेवलेल्या एखाद्या गॅरेजच्या पायरीवर, रथाच्या चाकाकडे पाहत उभा असलेला मेकॅनिकही आम्ही पाहिला आहे. चाक जवळून गेले तेव्हा त्याने मान तिरपी केली होती. आख वाजतो आहे का, ते तो ऐकत होता.